तालुक्याच्या गावातील गाणे-वाजवणे: महोत्सवाआधी दरमहाची बैठक

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. खान्देशातील एका तालुक्याच्या गावात भजनी मंडळे आहेत, लग्नाचा बँड आहे, हार्मोनियम-तबल्याचे वर्ग चालतात, अहिराणीत गाणी रचून गाणारी तरुण मुले आहेत. तरीही हळद असो वा मिरवणूक, डीजेच लागतो. आणि सांस्कृतिक कार्यक्रम म्हटला की पुण्या-मुंबईचा कलाकार बोलावला जातो. स्थानिकांचा कार्यक्रम ठेवला तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतात. अशा परिस्थितीत गावातील काही मंडळींनी वर्गणी काढून तीन दिवसांचा मोठा संगीत महोत्सव भरवावा का, आणि भरवायचा तर कसा?

खान्देशात अशा बैठका आणि कार्यक्रम भरवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर माझे उत्तर स्पष्ट आहे: पहिली काही वर्षे महोत्सव करू नये. महोत्सवाला जमणारे पैसे आणि माणसे दर महिन्याच्या गाण्या-वाजवण्याच्या एका लहान बैठकीकडे वळवावीत. दिवस ठरलेला, जागा ठरलेली आणि कलाकाराचे मानधन आधी कबूल केलेले असावे. तीन दिवसांच्या महोत्सवात वर्गणीचा मोठा भाग मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा प्रवास आणि निवास यांवर जातो. स्थानिक कलाकाराच्या वाट्याला मुख्य पाहुणे येईपर्यंतचा वेळ, एक शाल आणि एक नारळ येतो. श्रोत्यांनाही त्याचे गाणे म्हणजे खरा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीचा भाग वाटतो. पुढचे जवळपास वर्षभर गावात काहीच होत नाही, त्यामुळे कलाकाराला रियाज करण्याचे कारण उरत नाही आणि श्रोत्याला ऐकण्याची सवय लागत नाही. जळगावला दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो आणि त्याला मोठी दाद मिळते, हे खरे आहे. परंतु त्याच्यामागे जिल्ह्याचे शहर, एक स्थिर प्रतिष्ठान आणि वर्षानुवर्षे घडलेला श्रोता आहे. तालुक्याच्या गावाने त्यातून घेण्यासारखी गोष्ट आहे ती नेमाची, आकाराची नव्हे.

बैठका कोणत्या महिन्यांपासून सुरू कराव्यात, हा प्रश्न आयोजक सहसा विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. खान्देशात लग्नसराई तुळशीविवाहानंतर सुरू होते आणि मृगाच्या पावसापर्यंत चालते. चैत्र-वैशाखात चांगला ढोलकीवाला, क्लॅरिनेटवाला किंवा की-बोर्डवाला आपल्याला एका संध्याकाळपुरताही मिळणार नाही, आणि मिळाला तरी दिवसभराच्या 44-45 अंशांच्या उन्हानंतर श्रोतेही बंद हॉलमध्ये बसणार नाहीत. चातुर्मासात मात्र हीच माणसे गणपती-नवरात्राचे दिवस सोडले तर घरी असतात. काहीजण शेतमजुरीला जातात, काही वाद्ये गहाण पडतात. त्याच चार महिन्यांत गावातील मंगल कार्यालयेही रिकामी असतात. कार्यालयाच्या मालकाला रिकाम्या वास्तूची झाडलोट आणि वीज तशीही सांभाळावी लागते; महिन्यातून एका संध्याकाळी हॉल विनामूल्य किंवा केवळ वीजबिलावर देण्यास तो तयार होतो, कारण लग्न ठरवणारी शे-दीडशे कुटुंबे त्या निमित्ताने त्याची वास्तू आतून पाहतात. कलाकार मोकळा आणि जागा मोकळी, असा हा काळ आहे. आषाढी एकादशीनंतरचा पहिला रविवार धरून बैठक सुरू करावी आणि कार्तिकापर्यंत ती चुकू देऊ नये.

या काळाची एक अडचण आहे, ती म्हणजे पैसा. कपाशी अजून शेतात असते, आणि श्रावण-भाद्रपदात शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते. म्हणून वर्गणी त्या वेळी मागू नये. ती दिवाळीनंतर, कापूस घरात आल्यावर, पुढच्या वर्षासाठी गोळा करावी. नोकरदार, व्यापारी आणि डॉक्टर मंडळींकडून ती केव्हाही घेता येते. हिशेबाचे एक उदाहरण देतो. 75 कुटुंबांनी वर्षाला प्रत्येकी 1,200 रुपये दिले तर 90,000 रुपये जमतात. चैत्र-वैशाख सोडून वर्षभरात 10 बैठका धरल्या, तर प्रत्येकीला 9,000 रुपये येतात. त्यांतील 6,000 कलाकारांचे मानधन, 1,500 ध्वनिव्यवस्था, उरलेले 1,500 प्रवास, चहा आणि पत्रके. एवढ्या रकमेत तीन-चार जणांच्या संचाला लाजिरवाणे वाटणार नाही असे मानधन देता येते, आणि राजकीय पुढाऱ्याच्या देणगीची वाट पाहावी लागत नाही. मानधनाचा आकडा कलाकाराशी आधी बोलून ठरवावा आणि पाकीट कार्यक्रम संपल्यावर लगेच, चारचौघांत सत्कार करताना नव्हे, तर बाजूला नेऊन द्यावे. साथीदारांची पाकिटे वेगवेगळी असावीत. मुख्य गायकाच्या हातात सगळी रक्कम दिली की ढोलकीवाल्याच्या वाट्याला किती आले हे आयोजकाला कधीच कळत नाही, आणि गावातील चांगले साथीदार बहुतेक वेळा याच कारणाने हातचे जातात.

संस्था नोंदवण्याची घाई करू नये. सोसायटी नोंदणीसाठी किमान 7 सभासद, घटना, धर्मादाय कार्यालयातील कागदपत्रे, दरवर्षीचे हिशेब तपासनीस हे सगळे करता येते. परंतु पहिल्या वर्षी या कामात जी शक्ती जाते ती कार्यक्रमातून वजा होते. आपल्या बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी जुने सार्वजनिक वाचनालय असते, ते नोंदणीकृत असते, त्याला बँकेचे खाते असते आणि गावात त्याच्याविषयी विश्वास असतो. वाचनालयाचा उपक्रम म्हणून बैठक चालवावी, वर्गणीची पावती वाचनालयाची असावी.

कलाकार कोठून आणायचे, याचे उत्तर गावातच असते, मात्र त्यासाठी कलाकार कोणाला म्हणायचे याची व्याख्या थोडी सैल करावी लागते. वर्गात शिकणारी, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुले हा एक गट झाला. त्यांना दर बैठकीत पहिली पंधरा मिनिटे द्यावीत, कारण एका मुलामागे घरची चार माणसे येतात आणि ती पुढचे गाणे ऐकायला थांबतात. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवात दरवर्षी लोकवाद्यवृंद आणि समूहगीतांसाठी महाविद्यालयांचे संच महिना-महिना तालीम करतात, एकदा रंगमंचावर जातात आणि विखुरतात; त्या तयार संचाला गावात दुसरा प्रयोग मिळवून देणे हे सर्वांत सोपे आणि स्वस्त काम आहे. बँडमधील वादकांकडे मात्र कोणी कलाकार म्हणून पाहत नाही. जो क्लॅरिनेटवाला वरातीत डीजेच्या भिंतीसमोर जीव तोडून फुंकत असतो, त्याला शांत हॉलमध्ये फक्त ढोलकी आणि पेटीच्या साथीने अर्धा तास वाजवू द्यावे. त्याच्या वडिलांनी शिकवलेल्या नाट्यपदांच्या आणि लावण्यांच्या चाली त्याच्या बोटांत असतात. लग्नात त्या कोणी मागत नाही, एवढेच.

वहीगायनाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. वही हा डफाच्या साथीने कथा गाण्याचा खान्देशाचा स्वतःचा प्रकार आहे. ती उघड्यावर, रात्र रात्र चालते. तिचा जोर डफावर आणि सवाल-जबाबाच्या चुरशीवर असतो. दोन तासांच्या बैठकीत तिला बसवताना गाणाऱ्यांनाच विचारावे की कोणता भाग तोडला तर कथा तुटत नाही; आयोजकाने घड्याळ दाखवून मध्येच थांबवणे हा अपमान आहे. आणखी एक बारीक गोष्ट: श्रावणातील दमट हवेत डफाचे कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. डफ शेकावा लागतो, तोही कार्यक्रमाच्या मध्ये दोन-तीनदा. कार्यालयाचा मालक हॉलमध्ये विस्तव पेटवू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून भटारखान्यात एक शेगडी तयार ठेवावी आणि एका कार्यकर्त्याला तेवढेच काम द्यावे. वहीवाल्यांना आपण त्यांच्या कामाची एवढी काळजी घेतली हे दिसले की पुढच्या वेळी ते आपणहून शेजारच्या गावचा फड घेऊन येतात.

स्त्रियांच्या गाण्यांबद्दल मला अधिक आग्रहाने लिहायचे आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई (म्हणजे भुलाबाई) असते, वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गौराईची गाणी असतात. या गाण्यांचा साठा ज्या बायकांच्या तोंडी आहे, त्यांचा गावातील कलाकारांच्या कोणत्याही यादीत समावेश नसतो आणि त्या स्वतःलाही कलाकार म्हणवून घेत नाहीत. त्यांना व्यासपीठावर माइकसमोर रांगेत उभे केले की त्या दोन कडवी कशीबशी म्हणून खाली उतरतात. त्यापेक्षा सतरंजीवर गोल करून बसवावे, मध्ये एकच माइक खाली ठेवावा, श्रोत्यांना त्यांच्याभोवती बसवावे, आणि आई-काकू-आत्या अशी ओळखीची माणसे पुढे ठेवावीत. ही बैठक संध्याकाळी नव्हे, दुपारी तीन ते पाच या वेळेत घ्यावी, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळेपूर्वी घरी जाता येते. कानबाईची काही गाणी स्थापनेखेरीज इतर वेळी म्हणू नयेत असे काही घरांत मानतात. तसे असेल तर आग्रह करू नये. आणि त्यांनाही मानधन द्यावे. साडी-चोळी देऊन भागवण्याची रीत जुनी आहे, परंतु पुरुष गायकाला पाकीट आणि बाईला खण-नारळ असा भेद बैठकीत असू नये.

नंदुरबारकडील आणि सातपुड्यातील आदिवासी वादकांना बोलावण्याची कल्पना अनेकांना सुचते. सातपुड्यातील काठी या गावची होळी पाहून आलेल्या माणसाला तो ढोल आपल्या गावात आणावासा वाटणे साहजिक आहे. तथापि तो ढोल तेथील होळीचा आणि तेथील व्रताचा भाग आहे, कार्यक्रमाची वस्तू नाही. पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारे, रोडाली ही आदिवासी गाणी गाणारे कलाकार आपल्या इच्छेने येत असतील तर अवश्य बोलवावे. काय सादर करायचे हे त्यांनी ठरवावे, गाडीभाडे आणि मुक्काम आपण द्यावा, आणि रक्कम मध्यस्थाच्या नव्हे तर प्रत्येकाच्या हाती पोहोचली आहे याची खात्री करावी.

आता ध्वनीविषयी. तालुक्याच्या गावातील कार्यक्रम रंगत नाहीत त्याचे कारण बहुधा कलाकार नसतो. शब्द ऐकू येत नाहीत हे असते. मंगल कार्यालय जेवणावळीसाठी बांधलेले असते: खाली गुळगुळीत फरशी, बाजूला कोऱ्या भिंती, वर कित्येकदा पत्रा. रिकाम्या हॉलच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. आवाज घुमत राहिला तर त्या हॉलमध्ये लाउडस्पीकर जितका वाढवाल तितके शब्द अस्पष्ट होतील. उपाय खर्चिक नाही. मंडपवाल्याकडून जाड पडदे आणून व्यासपीठासमोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत सोडावेत, फरशीवर सतरंज्या अंथराव्यात, श्रोत्यांना खुर्च्यांऐवजी खाली आणि जवळ बसवावे. मिरवणुकीतले मोठे स्पीकर आणू नयेत. दोन लहान स्पीकर स्टँडवर, बसलेल्या श्रोत्याच्या डोक्याच्या किंचित वर, श्रोत्यांकडे झुकवलेले असावेत. सव्वाशे-दीडशे माणसांच्या हॉलमध्ये ढोलकीला माइक लागत नाही, गळ्याला आणि पेटीला पुरतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला एक लहान मॉनिटर स्पीकर ठेवला नाही तर वयस्क गायक ओरडून गातात आणि वीस मिनिटांत थकतात. पत्र्याचे छत असेल तर पावसाची सर आली की कोणतीही यंत्रणा चालत नाही; शक्य तर स्लॅबचा हॉल निवडावा. ध्वनिव्यवस्थेचा माणूस दरवेळी तोच असावा. डीजेवाल्यांतील एखादा समंजस तरुण या कामासाठी तयार करता येतो. त्याच्याकडे साहित्य असते, आणि कमी आवाजात नीट ऐकवणे हे कौशल्य आहे हे त्याला एकदा कळले की तो आपला सर्वांत उपयोगी कार्यकर्ता होतो. डीजेविरुद्ध सभा घेण्यापेक्षा हे काम अधिक फळते.

वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ धरावी. याचे पहिले कारण एसटी. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसाला शेवटच्या गाडीची धास्ती असते आणि रंगत आलेल्या गाण्यातून तो उठतो, त्याच्यामागे आणखी दहाजण उठतात. दुसरे कारण कायदा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत तो उघड्यावर वापरता येत नाही. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, तोही वर्षातून 15 दिवसांपुरता. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते, हे जागा निवडतानाच पाहावे. बैठक बंद हॉलमध्ये असली तरी पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्यावी. वेळेवर सुरू करणे मात्र आपल्या हातात असते. प्रमुख पाहुण्यांसाठी कार्यक्रम खोळंबू नये, आणि खरे तर प्रमुख पाहुणा, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक हे सर्व दरमहाच्या बैठकीतून वगळावे. निवेदन अहिराणीत करावे. शास्त्रीय गाण्याचीही ओळख अहिराणीत करून दिली तर खेड्यातून आलेला श्रोता अवघडत नाही.

गाण्यांच्या हक्कांकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते, आणि नंतर व्हिडिओ अपलोड केल्यावर अडचण येते. पारंपरिक ओव्या, वही, कानबाईची गाणी यांना कोणाची परवानगी लागत नाही. चित्रपटातील किंवा अल्बममधील गाणे कार्यक्रमात गायचे तर गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. लग्नकार्य आणि धार्मिक विधी यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, तिकिटाच्या कार्यक्रमाला नाही. बहिणाबाई चौधरींच्या कविता आपल्याकडे सगळ्यांनाच गाव्याशा वाटतात. त्यांचे निधन 1951 साली झाले, कविता 1952 मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि शब्दांवरील हक्कांची 60 वर्षांची मुदत संपली आहे. परंतु त्या कवितांना पुढे लावलेल्या प्रसिद्ध चाली अजून हक्काखाली असू शकतात. माझी सूचना अशी की गावातील एखाद्या जाणत्या पेटीवाल्याला नवी चाल बांधायला सांगावी आणि त्या कामाचे वेगळे मानधन द्यावे. गावाच्या नावावर स्वतःची चाल होते.

कराचीही एक बाब जाता जाता नोंदवतो. लोककला आणि शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाला एका कार्यक्रमाचे मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, आणि माणशी 500 रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्यालाही सूट आहे. आपल्या बैठकी या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतात.

प्रसिद्धीसाठी व्हॉट्सअ‍ॅप पुरेसे आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. निरोप सगळ्यांना पोहोचतो, पण येतो तो, ज्याला कोणीतरी फोन करून बोलावलेले असते. दहा कार्यकर्त्यांनी दर महिन्याला प्रत्येकी दहा घरी फोन करावा. बाजाराच्या दिवशी रिक्षावरून पुकारा करावा, एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर कायमची एक पाटी असावी आणि तिच्यावर फक्त पुढच्या कलाकाराचे नाव बदलावे. चित्रीकरण अवश्य करावे, मात्र संपूर्ण बैठक टाकू नये; कलाकाराच्या संमतीने एकच गाणे टाकावे. अहिराणी गाण्यांना यू-ट्यूबवर केवढा श्रोता आहे हे वेगळे सांगायला नको, आणि त्यातला बराच सुरत, नाशिक, पुणे येथे पोटासाठी गेलेला आपलाच माणूस आहे. तो कानबाईला, दिवाळीला, आखाजीला गावी येतो. वर्षातील एक बैठक कानबाईच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात ठेवली तर हॉल भरतो, आणि पुढच्या वर्षीची वर्गणीही त्याच वेळी जमते.

कलाकाराचे पोट महिन्यातून एका बैठकीवर भरणार नाही, हे उघड आहे. म्हणून वाचनालयाने गावातील गायक-वादकांची एक यादी तयार करावी: कोण काय वाजवतो, संच किती जणांचा, साधारण मानधन किती, फोन कोणता. कार्यालयाच्या मालकाने ही यादी हळदीची किंवा साखरपुड्याची तारीख घ्यायला आलेल्या कुटुंबाला दाखवावी. वरातीत डीजे लावायचा निर्णय ज्याचा त्याचा आहे, पण हळदीच्या रात्री एक तास प्रत्यक्ष गाणे ठेवा असे सुचवले तर बरीच घरे तयार होतात, विशेषतः घरातील म्हाताऱ्या माणसांनी बैठकीत ते गाणे ऐकलेले असेल तर. शाळांची स्नेहसंमेलने, दुकानांची उद्घाटने, आकाशवाणीच्या जळगाव केंद्राची ध्वनिचाचणी (ऑडिशन) या वाटाही त्याच यादीतून उघडतात. चाचणीचा अर्ज भरणे कलाकाराला जड जाते; तो कार्यकर्त्याने भरून द्यावा.

शेवटी कागदपत्रांविषयी. राज्य शासन वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देते. त्यासाठी 50 वर्षे वयाची अट आहे आणि कलाक्षेत्रात दीर्घकाळ काम केल्याचे पुरावे मागितले जातात. आयुष्यभर वही गायलेल्या माणसाकडे बहुधा एकही कागद नसतो: ना पत्रिका, ना कात्रण, ना प्रमाणपत्र. म्हणून प्रत्येक बैठकीची छापील पत्रिका काढावी, तिच्यावर साथीदारांसह सर्वांची पूर्ण नावे आणि दिनांक असावा, आणि वाचनालयाच्या शिक्क्याचे सहभागपत्र त्याच संध्याकाळी मानधनाच्या पाकिटासोबत द्यावे. दुसरी प्रत वाचनालयाच्या कपाटात कलाकाराच्या नावाच्या फाइलमध्ये ठेवावी, कारण घरची प्रत पावसात भिजते किंवा हरवते, आणि अर्ज करण्याची वेळ बहुधा कित्येक वर्षांनी येते.